हवेच्या बोटीचा सांधा गळतोय? या चुका टाळा

२०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात रबरी बोटींचं मोल सगळ्यांनी पाहिलं. पण अशी बोट एरवी घडी घालून गोदामात पडलेली असते आणि सांधा सुटल्याचं ऐन जुलैत, पंप लावल्यावर कळतं. सगळ्यात मोठी चूक हीच. बोट एप्रिल-मेमध्ये फुगवून बघा, कारण सांध्याच्या दुरुस्तीचा खरा शत्रू दमट हवा आहे. गोंदातलं सॉल्व्हंट (गोंद पातळ ठेवणारा द्राव) उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि पकड जाते. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर गोंदाचा डबा उघडूच नका. पावसाळ्यात आपल्याकडे तसा दिवस मिळणं मुश्कील.

बोट सकाळी मऊ लागली म्हणून लगेच सांध्यावर संशय घेऊ नका. दुपारी ४० अंशांत ०.२५ बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) भरलेली बोटीची ट्यूब २५ अंशांवर आली की दाब ०.१९ च्या आसपास उतरतो, गळती नसतानाही. आधी व्हॉल्व्ह तपासा, त्यावर साबणाचं पाणी टाका. मग सांध्यावरून ब्रशने फेस फिरवा. इथे बरेच जण फसतात: बुडबुडे दिसतात तिथेच पॅच मारतात. हवा सांध्याच्या पट्टीखालून सरकत दुसरीकडेच बाहेर पडत असते. पट्टीची कड नखाने उचलून बघा, ती कुठवर सैल झाली आहे ते शोधा आणि दोन्ही टोकांना खडूने खूण करा.

पंक्चरवाल्याचं सोल्युशन, एम-सील, फेव्हिक्विक यांतलं काहीही नको. ट्यूब सतत वाकते. कडक झालेला थर तडकतो. सिलिकॉन तर त्याहून वाईट, कारण त्याचा तेलकट अंश राहिला की पुढे खरा गोंदही धरत नाही. कापड पीव्हीसीचं असेल तर हार्डनरसह येणारा दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद घ्या, हायपॅलॉनला (हे एक कृत्रिम रबर) दोन भागांचा निओप्रीन गोंद. ओळखायला लपलेल्या जागी एमईकेचा (मिथाइल इथाइल कीटोन या सॉल्व्हंटचा) बोळा घासा; पीव्हीसी चिकट होतं, हायपॅलॉन होत नाही. हायपॅलॉन सँडपेपरने खरवडावं लागतं. पीव्हीसी मात्र एमईकेने पुसा, जोरात घासलंत तर आतले धागे उघडे पडतील. हातमोजे घाला, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आसपास विडी-काडी नको.

सुटलेली पट्टी उलटून जुना गोंद पूर्ण काढा. त्यावरच नवा फासणं म्हणजे श्रम वाया. हवा काढून ट्यूब सपाट पसरा, दोन्ही बाजूंना पातळ हात द्या. पहिला हात पूर्ण वाळू द्या. दुसऱ्यावर अंगठा टेकवून बघा: चिकट लागलं पाहिजे, पण गोंद अंगठ्यावर येता कामा नये. मगच जोडा आणि मधून कडेकडे रोलर दाबून फिरवा. ओला असताना जोडलेला सांधा हमखास सुटतो, सॉल्व्हंट आत कोंडलं जातं.

आणि घाई? निदान २४ तास हवा भरू नका, शक्य असेल तर आठवडाभर थांबा. पहिल्यांदा अर्ध्या दाबाने भरून फेस लावा, मग पूर्ण दाब द्या.

हवेचा एक कप्पा भरताना शेजारचा आपोआप फुगत असेल, तर गळती दोन कप्प्यांमधल्या आतल्या पडद्याची आहे. तिथे बाहेरून पॅच लावून उपयोग नाही. बोट वर्कशॉपला पाठवा, आणि दुरुस्त होईपर्यंत त्या बोटीत माणसं बसवू नका.