या चुका टाळा : मॅटलॅबमध्ये व्हेरिएबलचं नाव ‘सम’ ठेवू नका

‘सर, काल चालत होतं, आज चालत नाही.’ मॅटलॅब या गणिती आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरबद्दल हे ऐकलं की कोड बघण्याआधी मी एकच विचारतो : व्हेरिएबलला (म्हणजे किंमत साठवायच्या डब्याला) नाव काय दिलंयस?

‘फॉर’, ‘इफ’, ‘एंड’ हे मॅटलॅबचे कीवर्ड, म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखलेले शब्द. एडिटरमध्ये निळे दिसतात, त्यांना किंमत द्यायला गेलात की तिथेच एरर. ‘सम’ (बेरीज), ‘मॅक्स’ (सर्वांत मोठा आकडा), ‘मीन’ (सरासरी) ही मात्र फंक्शन्स, म्हणजे तयार आज्ञा. त्या नावाचं व्हेरिएबल केलंत तर मॅटलॅब हूं की चूं करत नाही. फंक्शन मुकाट्याने झाकलं जातं. वर फंक्शन वापरायला गोल कंस आणि ॲरेतला (आकड्यांच्या यादीतला) घटक काढायलाही गोल कंसच!

एकदा ६० मुलांच्या निकालात मीच फसलो. ४० किंवा जास्त गुण किती जणांना, हे ‘सम’ने मोजायचं होतं : अट खरी तिथे १, नाही तिथे ०, आणि त्यांची बेरीज. एक आकडा यायचा, तिथे आकड्यांची रांगच आली. एरर नाही. दोन तास कंस मोजले. वैतागून मॅटलॅब बंद करून उघडलं, तर उत्तर बरोबर! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी ‘विच सम’ (हे ‘सम’ नेमकं कोणतं?) ही आज्ञा देऊन विचारलं. उत्तर आलं, व्हेरिएबल आहे. आधी चालवलेल्या स्क्रिप्टमध्ये मी प्रत्येकाच्या एकूण गुणांच्या यादीला ‘सम’ म्हटलं होतं. सगळ्या स्क्रिप्टचं वर्कस्पेस (व्हेरिएबल्स राहतात ती जागा) एकच, त्यामुळे यादी तिथेच बसून होती. मॅटलॅबने त्या यादीतून अट खरी असलेले घटक काढून दिले; मोजणी राहिली बाजूला, पास झालेल्यांचे एकूण गुण हातात आले. ‘क्लिअर सम’ करून ते व्हेरिएबल पुसलं, मिटलं.

तेव्हापासून मी ‘बेरीज’, ‘सरासरी’, ‘गुण’ अशीच नावं रोमन लिपीत देतो. मुलं हसतात, हसू देत. प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘क्लिअर ऑल’ (सगळं पुसा) चिकटवायची घाई मला पटत नाही. अर्धा तास लावून लोड केलेला डेटाही त्यात जातो.

लूपमध्ये ‘आय’ वापरून पुढे तोच काल्पनिक एकक (उणे एकचं वर्गमूळ) म्हणून घेऊ नका. तिथे १ला जोडून ‘आय’ लिहा.

मॅथेमॅटिका या दुसऱ्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये फंक्शनला चौकोनी कंस. गोल कंस दिलात तर गुणाकार होतो. तिथली अंगभूत नावं मोठ्या अक्षराने सुरू होतात. ‘डी’ (डेरिव्हेटिव्ह काढणारं), ‘एन’, ‘ई’ ही नावं आधीच घेतलेली आणि संरक्षित. आपली नावं लहान अक्षराने सुरू केली की प्रश्न येत नाही. तरी काही बहाद्दर ‘अनप्रोटेक्ट’ने ते संरक्षण काढून ‘डी’मध्ये व्यास भरतात, आणि मग डेरिव्हेटिव्ह का येत नाही म्हणून मला विचारायला येतात.