चाप वेगळा, घोडा वेगळा

आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, रिव्हॉल्वरची गोष्ट निघाली की पहिला घोळ शब्दांचा होतो. हिंदीत ‘घोड़ा दबाया’ म्हणतात तेव्हा बोटाखालचा खटका डोळ्यांसमोर असतो. मराठीत बोटाखाली असतो तो चाप. मागे, अंगठ्याजवळ उभा असतो तो घोडा. दिवाळीत भाचीच्या नावावर तिच्या वडिलांच्या रिव्हॉल्वरचा परवाना झाला, तेव्हा मी तिला आधी हेच शिकवलं. ३१ वर्षं मी आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. या दोघांची कामं ज्याला सांगता येत नाहीत, त्याच्या हातात मी हत्यार देत नाही.

हत्यार कानपूरच्या कारखान्याचं, पॉइंट ३२ बोअरचं, सिलिंडरमध्ये काडतुसांची सहा घरं असलेलं. घडण वेब्ली या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्वरची, म्हणजे नळी अडकवणारी कळ दाबली की नळी पुढे खाली झुकते आणि मागून सिलिंडर उघडं पडतं.

उघडायचं ते जाड विटांच्या भिंतीकडे तोंड करून. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत, कुलपात. सहाही घरांतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. मी बघितलं, मग तिने बघितलं, मग प्रत्येक घरावर करंगळीचं टोक टेकवून पुन्हा मोजलं. नंतर घरांत डमी, म्हणजे दारू नसलेली नकली, काडतुसं घातली, कारण या घडणीत टोकदार पिन घोड्याच्या नाकावरच असते आणि रिकाम्या घरावर ती उगाच आपटत ठेवू नये.

आता चाप अगदी हळू ओढा. दहा आकडे मोजत. चाप एकाच वेळी तीन कामं करतो. त्याची मागची कड घोड्याच्या पोटातल्या छोट्या पट्टीला उचलते, त्यामुळे घोडा मागे जातो आणि मुठीतली मोठी कमान, म्हणजे स्प्रिंग, दाबली जाते. चापालाच जोडलेला एक पोलादी दांडा, त्याला हँड म्हणतात, वर सरकून सिलिंडरच्या मागच्या दातेरी चकतीला ढकलतो. सहा घरं, म्हणून एका ओढीत सिलिंडर ६० अंश फिरतं. आणि घर नळीच्या रेषेत आलं की खालून अटक, म्हणजे अडसर, सिलिंडरच्या खाचेत बसते. तो ‘टक’ कानांनी ऐकायचा. त्यानंतर चापाची कड पट्टीवरून निसटते, कमान मोकळी होते आणि घोडा आपटतो. घोड्याचं काम एवढंच: कमानीचा जोर पिनेमार्फत काडतुसाच्या टोपीवर पोचवणं. बाकी सगळा कारभार चापाचा.

ही झाली डबल अ‍ॅक्शन. १८५१ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सचं रिव्हॉल्वर फक्त अशा लांब ओढीवरच चालायचं. कोल्टचं १८७३ चं प्रसिद्ध मॉडेल उलट: घोडा दर वेळी अंगठ्याने चढवायचा, चापाने तो फक्त सोडायचा. आपल्या हत्यारात दोन्ही चालतं. अंगठ्याने घोडा मागे ओढला की सिलिंडर फिरतं, चापही मागे येतो आणि त्याची कड घोड्याच्या खाचेत अडकून बसते. मग जरासा स्पर्श पुरतो.

हा ‘जरासा’ मला आवडत नाही. ज्याने घोडा चढवला, त्याला गोळी न झाडता तो उतरवावाही लागतो. जानेवारीच्या थंडीत माझ्या काकांचा बधिर अंगठा घोड्यावरून सटकला आणि गोळी देवघराच्या चौकटीत शिरली. आत काकू दिवा लावत होती. उतरवायचाच असेल तर तोंड भिंतीकडे, अंगठा घोड्यावर घट्ट, आणि घोडा खाचेतून सुटल्याबरोबर चापावरचं बोट बाहेर; मग सावकाश खाली. भाचीला मी सांगितलं, घरात घोडा चढवायचाच नाही. इंग्रजांनी १९३८ मध्ये एन्फिल्ड रिव्हॉल्वरच्या घोड्याचा कानच, म्हणजे अंगठ्याने ओढायचं टोक, काढून टाकला होता, कारण रणगाड्यात तो अडकायचा. लांब ओढीवर त्यांचं भागत होतं, आपलंही भागेल. आणि लग्नात हवेत गोळ्या झाडायला कोणी हत्यार मागितलं तर देऊ नका. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा हर्षफायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

नवशिक्यांची नेहमीची चूक: चाप अर्धाच सोडून पुन्हा ओढणं. चाप पूर्ण पुढे आला नाही तर त्याची कड पट्टीखाली परत जात नाही, हँडला पुढचा दात सापडत नाही. म्हणून ओढ जितकी सबंध, सोडही तितकीच सबंध. बोट चापावरून उचलायचं नाही, त्याच्याबरोबर पुढे जाऊ द्यायचं.

चाप जड लागतो म्हणून घोड्याची खाच घासून घेणारे मी पाहिलेत. घासलेल्या खाचेत कड नीट टिकत नाही, धक्क्यानेही घोडा पडू शकतो. स्क्रू उघडू नका, कानस लावू नका.

त्यापेक्षा कान तयार करा. सहाही घरांवर हळू ओढ घेऊन ‘टक’ आधी येतो की घोडा आधी पडतो, ते ऐका. घोडा आधी पडला तर घर नळीसमोर पुरतं आलेलं नसतं आणि गोळीचं शिसं कडेला तासलं जातं. भाची आठ दिवस रोज पंधरा मिनिटं बसली. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेलं हत्यार परत आलं, त्या संध्याकाळी ती म्हणाली, “मामा, चौथ्या घरावर टक उशिरा येतोय.” मी डोळे मिटून तिच्याकडून तीनदा ओढून घेतलं. तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी परवानाधारक कारागिराकडे दिलं. हँडचं टोक झिजलं होतं.