खाडीवरचे पक्षी मिळून मोजायचे, पण दोनदा नाही

पहिल्या वर्षी आम्ही तिघांनी मोठ्या उत्साहात गणती केली, मी सकाळी ओहोटीला शिवडीला, बाकीचे दोघं दुपारी नेरुळला, आणि रात्री व्हॉट्सॲपवर आकड्यांची बेरीज करून जाम खूश. मग ग्रुपमधल्या एका काकांनी एवढंच विचारलं, "अरे, भरती कधी होती?" तेव्हा ट्यूब पेटली, तेच रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आम्ही बहुतेक दोनदा मोजले होते.

तर सगळा खेळ भरती-ओहोटीचा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा रोहित, शेकाटे, तुतवार, गॉडविट असे चिखलात चरणारे पक्षी सगळे ठाणे खाडीभर पांगून खात असतात, मोजणार कसे? पाणी चढलं की चिखल बुडतो आणि हीच मंडळी भांडुप पंपिंग स्टेशन, सीवूड्सच्या एनआरआय कॉम्प्लेक्सजवळची पाणथळ जागा, नेरुळचं डीपीएस तळं अशा ठिकाणी दाटीवाटीने येऊन बसतात. म्हणून मोजायचं भरतीला, आणि सगळ्या ठिकाणी एकाच दिवशी, एकाच वेळी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत उधाणाची भरती दुपारी बाराच्या मागेपुढे येते, म्हणजे झोपमोड नाही, फक्त ऊन खायचं. टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बघून असा एखादा रविवार धरा. जानेवारीतला मिळाला तर एशियन वॉटरबर्ड सेन्सस, म्हणजे आशियाभरची पाणपक्ष्यांची गणती, पण त्यातच होऊन जातो, तो १९८७ पासून चालू आहे. काही जागांना परवानगी लागते, आधी विचारून ठेवा.

एका ठिकाणी निदान दोघं हवेत, एक स्कोपला (स्टँडवरची मोठी दुर्बीण) आणि एक वहीला. एकटा माणूस लिहायला मान खाली घालतो आणि तेवढ्यात थवा सरकतो. मोठा थवा असेल तर आधी १० पक्षी नीट मोजा, तो पट्टा केवढा दिसतो ते डोळ्यात बसवा, मग तसे १० पट्टे म्हणजे १००, असं पुढे पुढे. थवा उडाला तर वेळ, दिशा आणि अंदाज लिहा, "१२:१०, साधारण ३००, वाशीकडे", आणि लगेच पुढच्या टीमला फोन.

नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, प्रत्येक जागेची वेगळी लिस्ट, किती वेळ थांबलात तेही टाका. ओळख पटत नाही तो तुतवार "तुतवार, नक्की नाही" म्हणूनच लिहा, हुशारी नको. आणि तळं रिकामं दिसलं तरी वहीत शून्य लिहायचंच! लोक इथेच कंटाळा करतात, पण पुढे कामाला येतं ते हेच शून्य. भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजली की तळं आटतं, शेवाळ माजतं, पक्षी यायचे थांबतात, आणि ते कधीपासून थांबले हे दाखवायला तुमच्याकडे तारीख असते. त्यामुळे पक्ष्यांसोबत पाण्याची पातळी आणि नाल्याचं तोंड यांचा दर वेळी त्याच जागेवरून फोटो काढा.

२०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही ओळख, मिळाला तो खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला. नवी मुंबईतली ही तळी त्या हद्दीच्या बाहेर. त्यामुळे संरक्षणाचा प्लॅन करताना नुसती खाडी धरून चालत नाही, भरतीला पक्षी बसणार कुठे ते नकाशावर दाखवावं लागतं. वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे जाताना जागा, तारीख, भरतीची उंची, आकडा असा साधा तक्ता न्या, फोटोंचा अल्बम नको.

आणि पुढच्या महिन्यात परत जाल तेव्हा भरती साधारण त्याच उंचीची निवडा, साडेचार मीटरला मोजलेलं साडेतीनच्या शेजारी ठेवलंत तर काका परत तोच प्रश्न विचारतील.