बोलोन्यात बाहेर जेवायला जागा कशी निवडावी

बोलोन्या हे उत्तर इटलीतील एमिलिया-रोमान्या प्रांताचे मुख्य शहर असून 1088 पासून चालत आलेल्या विद्यापीठामुळे त्याला ‘विदुषी’ आणि खाण्यापिण्याच्या सुबत्तेमुळे ‘गुटगुटीत’ अशी दोन्ही बिरुदे मिळालेली आहेत. दुसरे बिरुद इतके सार्थ आहे, की तेथे जाऊन सुमार जेवण जेवून परतणे ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे. ती टाळण्यासाठी हॉटेल शोधायला निघण्याआधी या गावाचे स्वतःचे पदार्थ कोणते, हे पक्के माहीत करून घ्यावे.

जगभर ‘स्पॅगेटी बोलोनेझ’ या नावाने जे विकले जाते, ते बोलोन्याच्या घरांत शिजत नाही. तेथे मंद आचेवर शिजवलेला मांसाचा ‘रागू’ खातात तो ‘ताल्यातेल्ले’ नावाच्या, अंडे घातलेल्या पास्त्याच्या चपट्या पट्ट्यांबरोबर, आणि या पट्टीची शिजल्यानंतरची रुंदी 8 मिलिमीटर असावी, अशी नोंद 1972 मध्ये शहराच्या वाणिज्य मंडळात रीतसर करून ठेवलेली आहे. मांसाचे सारण भरलेल्या इवल्याशा ‘तोर्तेल्लीनी’ची कृती 1974 मध्ये आणि रागूची 1982 मध्ये अशीच नोंदवली गेली. याखेरीज पालक घातलेल्या हिरव्या पाऱ्यांचे ‘लाझान्ये’ आणि ‘मोर्तादेल्ला’ हे डुकराच्या मांसाचे जाड सॉसेज हे येथील मानाचे पदार्थ होत.

या साऱ्याच्या मुळाशी आहे ती ‘स्फोल्या’, म्हणजे मैदा आणि अंडी मळून लाटलेली पारी. साधारण 100 ग्रॅम मैद्याला एक अंडे, असे तिचे प्रमाण असते. ती लाटणाऱ्या स्त्रीला ‘स्फोलीना’ म्हणतात. शहराच्या जुन्या बाजारात एखाद्या दुकानाच्या काचेआड स्फोलीना काम करताना दिसली, तर अवश्य थांबावे. आपल्या लाटण्याच्या कितीतरी पट लांब अशा लाटण्याने ती मोठ्या लाकडी फळीवर पारी लाटते. पारीची एक कड फळीखाली लोंबू देते, जेणेकरून तिच्याच वजनाने ती धरून राहावी आणि ताणली जावी. मग पारीचे छोटे चौकोन कापून प्रत्येकावर चण्याएवढे सारण ठेवायचे, त्रिकोणी घडी घालून कडा दाबायच्या आणि बोटाच्या टोकाभोवती गुंडाळून दोन्ही टोके चिकटवायची, की एक तोर्तेल्लीनो तयार होतो. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडणारी बोटे ज्यांनी घरात पाहिली आहेत, त्यांना या कामाची किंमत सांगावी लागणार नाही. लाकडावर लाटलेल्या पारीला किंचित खरबरीतपणा येतो आणि त्यामुळे रागू तिला धरून राहतो. म्हणूनच हाताने लाटलेला पास्ता जेथे मिळतो, तेथेच जेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागेची शोधाशोध पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकापासून सुरू करायला हरकत नाही, मात्र चौकातच बसकण मारू नये. चौकाच्या पूर्वेला ‘क्वाद्रिलातेरो’ हा जुन्या बाजारपेठेचा भाग आहे. तेथील व्हिया पेस्केरिए व्हेक्ये आणि व्हिया द्रापेरिए या बोळांत भाजी, मासळी, चीज आणि मोर्तादेल्लाची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. येथे दुपारी थोडेसे खावे आणि रात्रीच्या जेवणासाठी जरा दूर जावे. व्हिया उगो बास्सीवरील ‘मेर्कातो देल्ले एर्बे’ ही 1910 ची झाकलेली मंडई अजूनही गावकऱ्यांची आहे आणि तेथे खाण्याच्या जागाही आहेत. त्याहून पश्चिमेला व्हिया देल प्रातेल्लो हा रस्ता विद्यार्थ्यांच्या वर्दळीचा आणि ‘ऑस्तेरिया’ नावाच्या साध्या खाण्यापिण्याच्या जागांचा. शहरभर कमानींच्या छताखालून चालता येत असल्याने पावसातही ही पायपीट जाचत नाही.

दाराशी पोहोचल्यावर आत शिरण्याआधी बाहेर लावलेले मेनूकार्ड शांतपणे वाचावे. निवडीतला खरा निर्णय येथेच होतो. ‘त्रात्तोरिया’ म्हणजे घरगुती वळणाची खाणावळ, ‘ऑस्तेरिया’ मूळची वाइन पिण्याची जागा आणि ‘रिस्तोरान्ते’ त्यामानाने थाटाचे, असा फरक असला, तरी आजकाल पाटीवरच्या नावावर विसंबता येत नाही. कार्ड मात्र बरेच काही सांगून जाते. पदार्थ मोजके असतील, ऋतूप्रमाणे बदलत असतील आणि ‘फात्ता आ मानो’, म्हणजे हाताने केलेला, असे पास्त्यापुढे लिहिलेले असेल, तर ती चांगली खूण समजावी. पदार्थाच्या नावापुढे तारांकन असल्यास तो किंवा त्यातील काही जिन्नस गोठवलेला असतो आणि तशी तळटीप खाली बारीक अक्षरांत दिलेली असते. जेथे सहा भाषांत छापलेले, छायाचित्रांनी भरलेले कार्ड आहे, ज्यावर पिझ्झा, स्पॅगेटी बोलोनेझ आणि रोमचे पदार्थ एकत्र नांदत आहेत, तेथून निःसंकोच पुढे निघावे.

शाकाहारी वाचकांनी आणखी थोडी काळजी घ्यावी लागते. तोर्तेल्लीनीत डुकराचे मांस असते आणि तोर्तेल्लीनी वाढतात त्याही मांसाच्या रश्श्यात. परंतु आकाराने मोठ्या ‘तोर्तेल्लोनी’त बहुधा रिकोत्ता हे ताजे, मऊ चीज आणि पालक किंवा पार्सली भरतात आणि त्या लोणी व सेजची पाने घालून वाढतात. नावाच्या शेवटी ‘लोनी’ असेल तर ताटातही लोणी, अशी खूणगाठ मराठी माणसाला सहज बांधता येते. तरीही विचारून घ्यावेच. हिरव्या पारीच्या ‘बालान्झोनी’त रिकोत्ताबरोबर मोर्तादेल्ला असते, हिरव्या लाझान्येत मांसाचा रागू असतो आणि कांदा-टोमॅटोच्या ‘फ्रिज्जोने’त किंवा पीठ मळून तळलेल्या ‘क्रेशेन्तीने’त डुकराची चरबी पडलेली असू शकते. या चरबीला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. हा शब्द आणि ‘सेन्त्सा कार्ने’, म्हणजे मांसाविना, हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात, त्यामुळे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी ते वरून घालू नये असे आधीच सांगावे. पास्त्यात अंडे असतेच, हेही विसरू नये.

जेवणाच्या वेळा साधारणपणे दुपारी साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळी साडेसातनंतर अशा असतात. मधल्या काळात बऱ्याच खाणावळी बंद राहतात. शुक्रवार-शनिवारच्या रात्रीसाठी, तसेच वसंतात बालपुस्तकांची आंतरराष्ट्रीय जत्रा भरते त्या दिवसांत, टेबल आधीच राखून ठेवावे. 15 ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’ या इटालियन सणाच्या आसपास अनेक मालक सुटीवर जातात, तेव्हा जागा उघडी आहे ना, याची खात्री करावी.

टेबलावर बसल्यानंतर पास्त्याचा ‘प्रिमो’ आणि मांसाचा ‘सेकोन्दो’ असे दोन्ही घेतलेच पाहिजेत, असा आग्रह कोणी धरत नाही. पोटाचा अंदाज घेऊन एकच मागवावा. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी रक्कम दिसेल. ती पाव आणि टेबलाची असते आणि कार्डावर आधीच छापलेली असते, म्हणून तीवरून वाद घालू नये. टीप ऐच्छिक आहे. बिल मागितल्याखेरीज येत नाही, तेव्हा ‘इल कोन्तो, पेर फावोरे’ असे म्हणावे.

आणि एखाद्या संध्याकाळी कोठेच टेबल मिळाले नाही, तर बाजार बंद होण्याआधी क्वाद्रिलातेरोतून पाव, चीज आणि थोडी फळे घेऊन व्हिकोलो रानोक्की या चिंचोळ्या बोळातील ऑस्तेरिया देल सोले गाठावी. 1465 पासूनची ही जागा फक्त पेये विकते, खाणे ज्याने त्याने आपापले आणायचे. एक पेला मागवावा, लांब लाकडी टेबलाच्या मोकळ्या टोकाशी बसावे आणि कागदाची पुडी सोडावी. शेजारीही तेच करत असतात.