कपड्यांची पावडर कशी निवडावी: मंगळवार पेठेतल्या लॉन्ड्रीतून

कोल्हापूर शहरात कपडे धुतलेलं पाणी कुठल्याही मोरीतून निघालं तरी त्याची वाट बहुतेक वेळा पंचगंगेकडेच जाते. जयंती नाल्यातून, दुधाळी नाल्यातून, नाहीतर कसबा बावड्याच्या सांडपाणी केंद्रातून. पुढं ते इचलकरंजी, शिरोळ करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. आता आपल्या शहरात काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं येतं, पण खालच्या गावांना नदीचंच पाणी उपसावं लागतं. म्हणून पावडर घेताना "कपडे किती पांढरे निघतात" याच्या जोडीला "उरलेलं पाणी कसं असतं" हेही बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

माझं मंगळवार पेठेत लॉन्ड्रीचं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळात धुणं घाटावर असायचं, आता दुकानामागं मशिनं आहेत. तालमीतल्या पोरांचे कपडे, खानावळीचे टेबलक्लॉथ, लग्नसराईत पैठण्या आणि शेरवान्या, सगळं हातावरून जातं. पावडर मी पोत्यानं घेते, त्यामुळं पाकिटावर काय लिहिलंय आणि बादलीत काय होतं, यातला फरक रोज दिसतो.

पहिलं बघायचं ते फॉस्फेट. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात "सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट" किंवा "एसटीपीपी" असं असेल तर ती पावडर ठेवून द्या. फॉस्फेट घालतात ते जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवायला, म्हणजे मळ काढणारा पदार्थ मोकळेपणानं काम करतो. कपड्यांसाठी ते चांगलंच काम करतं. पण पाण्यात गेल्यावर तेच फॉस्फरस शेवाळाचं आणि केंदाळाचं (जलपर्णीचं) खत होतं. शेवाळ माजतं, मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मग मासे तडफडतात. रंकाळा तलाव हिरवा पडल्याचं आणि नदीवर केंदाळाची चादर पसरल्याचं आपण सगळ्यांनी बघितलंय. एकट्या पावडरीनं हे होत नाही. मैलापाणी आहे, उसाच्या रानातलं खत आहे, कारखान्यांचं पाणी आहे. पण त्यातला पावडरीचा वाटा आपल्या हातात आहे, तो कमी करायला कुणाची परवानगी लागत नाही. युरोपीय संघानं 2013 पासून घरगुती पावडरीत दर धुण्याला फॉस्फरस 0.5 ग्रॅमच्या आत ठेवायचं बंधन घातलं आणि तिथल्या लोकांचे कपडे काही मळके राहिले नाहीत. फॉस्फेटच्या जागी झिओलाइट, सायट्रेट किंवा धुण्याचा सोडा घालून काम होतं. झिओलाइट पाण्यात विरघळत नाही, पण शेवाळाला खत म्हणून लागू होत नाही.

दुसरं म्हणजे मळ काढणारा मुख्य पदार्थ कोणता. आपल्याकडच्या बहुतेक पावडरींत तो "एलएएस" असतो, खनिज तेलापासून बनवलेला. 1950 च्या दशकात परदेशात यातलाच फांद्या असलेल्या रचनेचा प्रकार वापरायचे. तो नदीत कुजायचाच नाही आणि पाण्यावर फेसाचे डोंगर तरंगायचे. जर्मनीनं 1961 मध्ये त्यावर कायदा केला, आणि पुढं सरळ साखळीचा एलएएस आला. हा हवा खेळत असलेल्या पाण्यात बऱ्यापैकी विघटित होतो. हवा नसलेल्या गाळात मात्र तो टिकून राहतो, आणि आपले नाले म्हणजे बऱ्याच ठिकाणी तसा गाळच. शक्य असेल तर "अल्काइल पॉलिग्लुकोसाइड" किंवा "डेसिल ग्लुकोसाइड" लिहिलेलं लिक्विड घ्या. ते वनस्पतीतल्या साखरेपासून आणि नारळाच्या किंवा पामच्या तेलापासून बनतं, लवकर विघटित होतं. महाग असतं, हे खरं आहे. म्हणून मी असं सुचवते की रोजच्या धुण्याला फॉस्फेट नसलेली साधी पावडर, आणि नाजूक कपड्यांना हे लिक्विड.

पाकिटावर हिरवं पान, "हर्बल", "इको" असं छापायला काही लागत नाही. त्यामुळं पुढची बाजू वाचूच नका. मातीच्या मडक्याचं "इकोमार्क" हे सरकारी चिन्ह आहे, ते 1991 मध्ये आलं, आणि 2024 मध्ये त्याचे नवे नियम झाले. ते दिसलं तर जरूर घ्या, पण दुकानाच्या फळीवर ते मला क्वचितच दिसतं. ज्या पाकिटावर घटकांची नावंच नाहीत त्यापेक्षा नावं सांगणारं पाकीट बरं, मग ती नावं उच्चारायला अवघड का असेनात.

चकाकीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त फसगत इथं होते. "ऑप्टिकल ब्राइटनर" नावाचे पदार्थ मळ काढत नाहीत. ते कापडावर चिकटून बसतात, उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात, म्हणून पिवळट शर्ट डोळ्यांना पांढरा वाटतो. ते सहज कुजत नाहीत, आणि धुतल्यावर त्यातला भाग पाण्याबरोबर जातो. तुमच्या पावडरीत ते आहेत का, हे घरी बघता येतं. व्यापाऱ्यांकडं नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, तो अंधाऱ्या खोलीत चिमूटभर पावडरीवर धरा. पावडरीतून निळा उजेड फाकला तर ब्राइटनर आहे. आमच्याकडच्या पावडरीच्या दोन पुड्या मी शेजारी ठेवून बघितल्या: एक अंधारातच राहिली, दुसरीत निळे कण लख्ख उठून दिसले. पांढऱ्या शाळेच्या गणवेशासाठी चमक हवीच असेल तर शेवटच्या पाण्यात थोडी नीळ पुरते.

वासाचंही तेच. एका गिऱ्हाइकानं मला विचारलं, "वैनी, कापडाला वास कसा न्हाई वो?" मी म्हणाले, धुतलेल्या कापडाला उन्हाचाच वास असावा. तीव्र सुगंधी पावडरीमुळं बाळांच्या आणि त्वचा नाजूक असलेल्यांच्या अंगावर खाज येते, हे मी अनेक घरांत बघितलंय. फॅब्रिक कंडिशनर तर मी वापरतच नाही. त्यातले पदार्थ पाण्यातल्या जिवांना जास्त घातक असतात, आणि टॉवेलवर त्यांचा थर बसला की टॉवेल पाणी टिपायचा थांबतो.

आता तुमचं पाणी. हे पावडरीच्या नावापेक्षा महत्त्वाचं आहे. धरणाचं नळाचं पाणी हलकं असतं, उपनगरात बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं. तपासायचं असेल तर स्वच्छ बाटली अर्धी भरा, त्यात अंगाच्या साबणाचे दोन-चार बारीक तुकडे टाका आणि जोरात हलवा. पांढरा फेस वर आला तर पाणी हलकं. पाणी दुधाळ झालं आणि वर राखाडी साका आला तर जड. ही परीक्षा साबणानंच करा, पावडरीनं नाही, पावडरीला जड पाण्यातही फेस येतो. हलकं पाणी असेल तर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या दोन तृतीयांशानं काम होतं. जड असेल तर बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा आणि मग पावडर घाला, जास्त पावडर ओतण्यापेक्षा हे चांगलं. लोकर आणि रेशमाला मात्र सोडा लावू नका.

माप ही खरी गोष्ट आहे. आपल्याकडं मूठभर पावडर "अजून जरा" म्हणून घालतात, आणि फेस आला की कपडे निघाले असं समजतात. फेस मळ काढत नाही. मळ काढणाऱ्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, एक पाण्याला, आणि त्याला फेसाची गरज नसते. जास्त फेस म्हणजे जास्त खळबळायचं पाणी. तुमचं प्रमाण बरोबर आहे का, हे शेवटच्या खळबळण्यात कळतं. हात फिरवून पाणी ढवळा. फेस टिकून राहिला तर पावडर जास्त झालीय. वॉशिंग मशिनमध्ये धुतलेले टॉवेल पावडर न घालता फिरवून बघा, काचेतून फेस दिसला तर तो मागच्या वेळचा उरलेला आहे. पुढच्या वेळी पाव भाग कमी घ्या, कपडे स्वच्छ निघेपर्यंत असं कमी करत जा. फ्रंट लोड मशिनला कमी फेसाचंच घ्या.

हिशोबही मापानंच करा. समजा एक पावडर 100 रुपये किलो आहे आणि बादलीला 60 ग्रॅम लागते, तर एका बादलीला 6 रुपये पडले. दुसरी 200 रुपये किलो आहे आणि 20 ग्रॅममध्ये भागते, तर 4 रुपये. स्वस्त पावडरीत बऱ्याचदा कॅल्साइट, डोलोमाइट, चिनीमाती असा भराव असतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर ढवळून अर्धा तास ठेवा. तळाशी जाड पांढरा गाळ बसला तर पाणी ओतून द्या, गाळ पुन्हा धुवा आणि त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तुम्ही दगडाचा भुगा विकत घेतलाय.

लक्ष्मीपुरीत सुटी पावडर मिळते, प्लॅस्टिक वाचतं, पण त्यावर काहीच लिहिलेलं नसतं. पिशवी वाचवायला अज्ञात पावडर घेणं मला पटत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यातली किंवा मोठ्या पिशवीतली घ्या, नाव-घटक लिहिलेली. छोट्या सॅशे सगळ्यात वाईट, त्या गटारीत अडकतात.

एन्झाइम असलेली पावडर चांगली की वाईट, असं बरेच विचारतात. माझं मत चांगली. प्रोटिएज रक्त, घाम, दूध यांचे डाग तोडतं, अमायलेज भाताची पेज-खळ काढतं, लायपेज तेल. ते स्वतः प्रथिनं आहेत, त्यामुळं सहज कुजतात, आणि त्यांच्यामुळं कोमट किंवा साध्या पाण्यात काम होतं, गॅस-विजेची बचत होते. पण त्यांना वेळ द्यावा लागतो, अर्धा-पाऊण तास भिजत ठेवा. रेशीम आणि लोकर हीही प्रथिनंच असल्यामुळं पैठणीला प्रोटिएजवाली पावडर चुकूनही लावू नका, धागा कमजोर होतो.

कोल्हापुरात दोन डाग असे आहेत की त्यासाठी लोक विनाकारण जास्त पावडर संपवतात. तांबडा रस्सा हा तेल, तिखट आणि हळद असा तिहेरी डाग आहे. आधी कोरड्या कापडावरच, पाणी लावण्याआधी, लिक्विडचे दोन-तीन थेंब चोळून पंधरा मिनिटं ठेवा, कारण आधी पाणी लागलं तर लिक्विड पातळ होतं. मग धुवा. साबण लागल्यावर हळद लालसर होते, घाबरू नका. क्षारामुळं तिचा रंग बदलतो. उरलेला पिवळेपणा ऊन काढतं. रंगीत कापड नसेल तर भर उन्हात दोन दिवस वाळवा, हळद फिकी पडते. यासाठी क्लोरिन ब्लीच लागत नाही. ब्लीच लागलंच तर सोडियम परकार्बोनेट घ्या, ते सोडा, पाणी आणि ऑक्सिजन यात मोकळं होतं. गरम पाण्यात चांगलं लागू होतं.

दुसरा डाग आखाड्यातल्या तांबड्या मातीचा. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलं असतं. ओले कपडे धुवायला काढले की माती धाग्यात बसते. आधी पूर्ण वाळू द्या, झटका, ब्रश फिरवा, मग साध्या पाण्यात एकदा भिजवून ते पाणी टाका, आणि त्यानंतरच पावडर घाला. निम्मी माती पावडर न लागता जाते.

रिठ्याबद्दल. लोकर, रेशीम, कोसा यांना रिठा उत्तम. बी काढून टरफलं रात्रभर भिजवा, उकळा, कापडातून गाळा, दोन-तीन दिवसांत संपवा. रस्सा, ग्रीस यांना तो पुरा पडत नाही. आणि नैसर्गिक म्हणून तो सरसकट निरुपद्रवी नाही: त्यातली सॅपोनिन माशांना विषारी असतात, मासे गुंगवायला रिठा वापरतात. म्हणून रिठ्याचं पाणी असो की सगळ्यात हिरवी पावडर, थेट रंकाळ्यात किंवा घाटावर धुऊ नका. गणपती काहिलीत (गुळाच्या मोठ्या कढईत) विसर्जित करायला शिकलेल्या गावाला हेही जमण्यासारखं आहे.

पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी भागात शोषखड्डा असेल किंवा धुण्याचं पाणी परसबागेला सोडत असाल तर पावडरीतला सोडा आणि मीठ जमिनीला चिकट, कडक करतात. तिथं लिक्विड घ्या, बोरॅक्स नसलेलं. आणि झाडांना फक्त शेवटच्या खळबळण्याचं पाणी द्या, पहिलं नको.

नवी पावडर आणली तर जुनी फेकून देऊ नका, ती गटारातच जाणार. कमी मापानं वापरून संपवा, आणि नवीचं आधी लहान पाकीट घ्या. पहिल्या काही धुण्यांत टॉवेलमधून जुना फेस येत राहतो, त्यावरून नव्या पावडरीचं माप ठरवू नका. एखादा महिना जाऊ द्या, मग मापाचा डबा पाव भागानं कमी करून बघा.