ट्रेकला गॅस किती न्यायचा? दिवस नको, पाणी मोजा

"दोन माणसांना दिवसाला एक कॅन" (म्हणजे ट्रेकच्या स्टोव्हचा छोटा गॅस सिलिंडर) असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. मेनू काय, वारा किती, काही न विचारता दिलेला सल्ला आहे हा, आणि त्यापायी लोक उगाच तीन-तीन कॅन वाहत गड चढतात. गॅस माणसांमागे जळत नाही, पाण्यामागे जळतो.

मेनू लिहा, प्रत्येक पदार्थाला लागणारं पाणी लिटरमध्ये मांडा. झालं.

खरी गोची पुढे आहे. तुमचा स्टोव्ह लिटरमागे किती ग्रॅम खातो? खोक्यावरचा आकडा बिनवाऱ्याचा असतो, त्यावर जाऊ नका. किचनचा काटा घ्या, कॅन तोला, ट्रेकला नेणार तोच टोप घ्या, झाकण ठेवून एक लिटर पाणी उकळा, कॅनवर बाहेरून धरलेलं पाणी नीट पुसा आणि परत तोला. साधारण 10 ते 15 ग्रॅम जातात. मग हेच गच्चीवर, वाऱ्यात करा. आकडा चांगलाच वाढतो आणि हिशोबाला तोच धरायचा, कारण हरिश्चंद्रगडावर संध्याकाळी वारा सुटला की घरचा आकडा काही कामाचा नाही. वाऱ्याच्या बाजूला दगड रचा, पण स्टोव्ह थेट कॅनवर बसणारा असेल तर चारी बाजूंनी पत्रा अजिबात लावू नका, कॅन तापून फुटू शकतो.

खिचडीचं वेगळं. उकळी आल्यावर पंधरा-वीस मिनिटं मंद आच लागते, त्याचे अजून 20-25 ग्रॅम धरा. डाळ-तांदूळ तासभर भिजवले तर हे बरंच वाचतं, मी तरी न भिजवता खिचडी टाकूच देत नाही.

आता रतनगड ते हरिश्चंद्रगड, चौघं, दोन दिवसांचा स्वयंपाक. दिवसाला दोनदा चहा सव्वा लिटर, मॅगी एक, खिचडी दोन, म्हणजे सव्वाचार लिटर. वाऱ्यातला आकडा लिटरला 15 ग्रॅम आला असं धरलं तर 64 ग्रॅम, खिचडीच्या मंद आचेचे 25, म्हणजे 90 च्या आत. दोन दिवसांचे 180, वर वीस टक्के, 216. 230 ग्रॅमचा एक कॅन पुरतो.

अर्धवट कॅन हलवून अंदाज घेऊ नका, त्याच मापाच्या रिकाम्या कॅनचं वजन लिहून ठेवा आणि वजा करा.

हिमालयात थंडीत जाणार असाल तर नुसत्या ब्युटेन गॅसचा कॅन नको, शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होत नाही, आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या. आणि ते तिथेच पोचल्यावर घ्या, विमानात कॅन चालत नाही, रेल्वेतही नाही.