फोमच्या चिलखताचा रंग कोकणच्या हवेत टिकवायचा कसा

व्हिडिओ गेममधलं चिलखत फोमचं घरी करणाऱ्या कोकणातल्या मुलामुलींचे मला जे फोटो येतात, त्यांत तक्रार बहुतेक एकच असते. छातीवर भेगा, कोपराशी सोललेला रंग, खांद्यावर उमटलेली बोटं. कापलेलं नीट असतं, सांधेही बरे असतात, पण शेवटच्या टप्प्यात सगळं वाया जातं. कारण सल्ला ज्या व्हिडिओतून घेतलेला असतो तो कोरड्या हवेत बसून दिलेला असतो. मी कुडाळला राहते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. इथे रंग कसा बसवायचा ते इथल्याच हवेत शिकावं लागतं.

उदाहरणाला ‘हॅलो’ या व्हिडिओ गेमचा नायक मास्टर चीफ याचं हिरवं चिलखत घेते. ‘हॅलो’चा पहिला गेम 2001 चा, तरी आजही नवखे याच चिलखतापासून सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. सपाट पत्रे, सरळ कडा, एकच मुख्य रंग.

सामान आणि कापणी

ईव्हीए फोम घ्या, म्हणजे चपलांचे तळ आणि लहान मुलांच्या जोडायच्या मॅट ज्याच्या असतात तो. मुख्य पत्र्यांना 10 मिमी, वरच्या थरांना 5, बारीक नक्षीला 2. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा पॅकिंग फोम चालतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्यावर ना गोंद धरत ना रंग. थर्माकोलवर स्प्रे मारला तर तो डोळ्यांदेखत विरघळतो.

साचे पेपाकुरा या जपानी प्रोग्रॅममधून छापून घ्या. आधी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं एक मनगट आणि एक नडगी करून अंगावर चढवून बघा. मास्टर चीफ चिलखतात सुमारे सात फुटांचा आहे, तुम्ही नाही आहात, त्यामुळे प्रत्येक भागाचं माप आपल्या अंगाचं. कापताना ब्लेड सारखं बदला. बोथट ब्लेडने फोम फाटतो.

चिकटवणं

पिवळा रबरी काँटॅक्ट गोंद वापरा, एसआर 998 सारखा. दोन्ही कडांना पातळ लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की एकदाच नीट धरून दाबायचं. दमट हवेत एक गोष्ट लक्षात ठेवा. गोंदातलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. डोळ्यांना दिसतंही कधीकधी, पिवळ्या गोंदावर आरशावर फुंकर मारावी तशी धूसर साय येते. ती आली असताना जोडलात तर सांधा त्या दिवशी धरेल आणि आठवड्याने उघडेल. साय दिसली की हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, मंद ठेवून लांबून फिरवायची, साय उडाली की मगच जोडायचं. द्रावणाची वाफ पेट घेते, म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं पुरी होऊ द्या आणि गोंदाचा डबा झाकण लावून दूर ठेवा. काम पडवीत करा, बंद खोलीत नको. तोंडाला द्रावणाची वाफ अडवणारा कार्बन फिल्टरचा मास्क हवा. कापडी रुमालाचा काडीचा उपयोग नाही.

आकार देण्याचं सोपं आहे. गरम करा, मांडीवर किंवा हंड्यावर वाकवा, गार होईपर्यंत धरून ठेवा.

आता खरं काम: फोम बंद करणं

माझं पहिलं चिलखत व्हिडिओत सांगितलं होतं तसंच केलं होतं. लाकडाच्या पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून सात हात मारले, वर हिरवा स्प्रे, वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर. घरी झकास दिसत होतं. जुलैत मुंबईत एक कार्यक्रम होता. छातीची पाटी पाठीच्या पाटीला लावून पिशवीत भरली आणि तुतारी एक्सप्रेसने निघाले. दादरला पिशवी उघडली तर दोन्ही पाट्या एकमेकींना चिकटलेल्या. ओढल्यावर हिरव्या रंगाची तळहाताएवढी साल आख्खी निघून आली आणि खाली काळा फोम उघडा पडला. चार महिन्यांचं काम होतं. मी त्या दिवशी ते घातलंच नाही.

फेव्हिकॉलचा दोष नाही, तो लाकडाच्या आत बसायला केलेला आहे. पांढरा गोंद पाण्यातला असतो, आणि हवेत पुरेसं पाणी आलं की पुन्हा मऊ होतो. त्यावर तुम्ही कितीही चांगला रंग द्या, पायाच पुळणीवर. तेव्हा फोमवर पांढऱ्या गोंदाचे हात मारायचा सल्ला कोकणात पाळू नका. डिसेंबरात टिकेल, आषाढात सुटेल.

त्याच्या जागी मी वापरते तो गच्चीवर मारतात तो पांढरा ॲक्रिलिक इलॅस्टोमेरिक वॉटरप्रूफिंग कोट. रंगाच्या दुकानात एक लिटरचा डबा मिळतो. तो सुकल्यावर रबरासारखा ताणला जातो, फोमबरोबर वाकतो आणि पावसासाठीच बनवलेला असतो. मागताना दोन गोष्टी बघून घ्या: सिमेंट मिसळायचा दोन भागांचा नको, आणि धागे म्हणजे फायबर घातलेला नको. सिमेंटचा तडकतो, धाग्यांचा केसाळ दिसतो.

पण कोट लावण्याआधी पृष्ठभाग तयार लागतो, आणि इथे घाई केली तर पुढचं कशानेच सावरत नाही.

सांध्यांतल्या फटी आधी भरा. भिंतीची लांबी भरू नका, पहिल्यांदा हात वाकवलात की ती तडकते. खिडकीच्या चौकटीला भरतात ते ॲक्रिलिक सीलंट घ्या, ओल्या बोटाने सपाट करा, रात्रभर ठेवा. सिलिकॉन मात्र चुकूनही नको, त्यावर कुठलाच रंग धरत नाही. मग 220 चा आणि नंतर 400 चा पॉलिश पेपर. घासल्याने फोमची बारीक छिद्रं उघडतात, म्हणून हीट गन फिरवायची ती घासून झाल्यावर. पुष्कळ जण उलटं करतात आणि मग रंग पिठासारखा का दिसतो म्हणून विचारतात. हीट गन साधारण एक वीतभर लांब धरा आणि थांबू नका. मळकट काळा फोम एका क्षणी हलकासा चकाकतो, ओल्या पाटीसारखा. तेवढंच हवं. चकाकी दिसली की पुढे सरका. एका जागी रेंगाळलात तर फोड येतात आणि कड आत आक्रसते.

त्यानंतर ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. समुद्राजवळ राहात असाल तर ही पायरी गाळू नका. खाऱ्या वाऱ्याने रात्रीत मिठाचा थर बसतो आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. वेंगुर्ल्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचा कोट दोनदा फुगला तो यामुळेच. घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर आणि तुकडे आठवडाभर खिडकीत.

कोटचा पहिला हात पाणी घालून, दुधाइतका पातळ. त्याचं काम छिद्रांत शिरण्याचं आहे, झाकण्याचं नाही. दुसरा हात आडवा, तिसरा उभा, हे दोन्ही जवळजवळ न पातळ केलेले पण ब्रश निथळून. खाचांमध्ये कोट साठतो तो कोरड्या ब्रशने उचलून घ्या, नाहीतर बारीक नक्षी बुजते. तीन हातांत बहुधा भागतं, वाकणाऱ्या जागांना चौथा.

दोन हातांमध्ये किती थांबायचं? डब्यावर चार तास लिहिलेले असोत, त्याकडे बघू नका. थंडीत मी आठ-दहा तास थांबते, पावसाळ्यात पुरते चोवीस. हे मला माझ्या मामांनी शिकवलं. त्यांची गावात गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती करायची जागा, आहे आणि ते ऐन पावसात, आषाढ-श्रावणात, शंभरेक मूर्ती रंगवतात. मी सुकलेल्या पाटीला बोट लावून दाखवलं तर म्हणाले, “वरसून सुकलो म्हणान काय झाला गो? आतसून ओलोच आसा.” मग त्यांनी नखाने कडेला दाबलं आणि पांढऱ्या कातडीखाली साय हलावी तसा कोट हलला. वरचा पापुद्रा आधी धरतो आणि आतलं पाणी कोंडतो, पुढचा हात मारलात की ते कायमचं आत. मामांच्या शाळेत मूर्तींच्या रांगेला हॅलोजनचे दिवे लावलेले असतात, वर पंखा. मी तेच केलं: जुनं लाकडी कपाट, मधल्या फळ्या काढून, खाली साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, वर हवा जायला फट. बल्बपासून फोम हातभर तरी लांब. एलईडी बल्ब गरम होत नाही, तो चालणार नाही. हे कपाट फक्त पाण्यातल्या कोटासाठी आहे, ओला स्प्रे मारलेला किंवा गोंद लावलेला तुकडा बल्बपाशी कधीही ठेवू नका.

खळ्यात उन्हात आमसुलांशेजारी चिलखत वाळत टाकू नका. काळा फोम कडक उन्हात आक्रसतो आणि नीट बसवलेला सांधा दुपारपर्यंत वाकडा होतो. बंद गाडीत ठेवल्यावरही तेच होतं.

शेवटच्या हातानंतर तीन दिवस काहीही करायचं नाही. मग परीक्षा. प्रत्येक चिलखताबरोबर मी त्याच फोमची एक पट्टी तयार करते आणि पट्टीला तेच सगळे हात त्याच दिवशी देते. पट्टी बोटाभोवती गुंडाळायची: पांढऱ्या रेषा उमटल्या तर कोट जाड झालाय. नखाने दाबायची: खूण राहिली तर अजून ओलं आहे. मग चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढायची. काही निघून आलं तर खालची तयारी चुकली, आणि तेव्हा वरून आणखी हात मारून फसवू नका, घासून पुन्हा सुरुवात करा. मी एकदा पट्टी न करता थेट पाटीवर विश्वास ठेवला होता. परत कधी ठेवला नाही.

रंग

ॲक्रिलिक प्रायमर, मग हिरवा, पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून, झुळकीसारखे पातळ हात. ऑइल पेंट नको: इथे तो दिवसेंदिवस चिकट राहतो आणि वाळला की वाकताना तडकतो.

वेळ मात्र पाळा. माझ्याकडे भिंतीवर छोटा आर्द्रतामापक आहे, काटा 70 च्या वर असेल तर मी स्प्रे उचलत नाही. पावसाळ्यात सकाळी तो 90 पार असतो, तेव्हा जून ते सप्टेंबर कापा, जोडा, कोट करा आणि स्प्रेचं काम दिवाळीनंतर ठेवा. थंडीतही पहाटे दव असतं. साधारण साडेदहा ते तीन हा आपला वेळ. दिवस मावळल्यावर मारलेला क्लिअर कोट सकाळी धुक्यासारखा पांढरा पडतो, कारण गोंदाला होतं तेच त्यालाही होतं. लॅकरचा क्लिअर असेल आणि पांढरा पडला असेल तर घाबरून घासू नका. तो पुरता सुकू द्या, मग कोरड्या दुपारी त्यावर त्याच क्लिअरचा अगदी पातळ हात मारा, बहुधा साफ होतो. क्लिअर मॅटच घ्या. चकचकीत चिलखत प्लॅस्टिकच्या बादलीसारखं दिसतं.

जुनाटपणा आणायला चित्रं शोधत बसू नका, मालवणच्या किंवा देवगडच्या बंदरावर जाऊन ट्रॉलर बघा. गंज कुठून सुरू होतो आणि बोल्टाखाली खाली कसा ओघळतो, ते तिथे लिहून ठेवल्यासारखं दिसतं. कडांवर चंदेरी रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने घासा, खाचांत पातळ काळा सोडून लगेच पुसा. नडगीच्या कवचावर मी जांभ्याची लाल धूळ वापरते: तलम फडक्यातून चाळायची, मॅट क्लिअर ओला असताना ब्रशने झटकायची, सुकल्यावर वरून आणखी एक पातळ हात. बाटलीतल्या कुठल्याही तपकिरी रंगाला ती कळा येत नाही.

घालणं आणि ठेवणं

चिलखताच्या हेल्मेटच्या काचेसाठी मोटरसायकलच्या हेल्मेटची सोनेरी व्हायझर कापून बसवा, आतून भांड्याच्या साबणाचा पातळ हात देऊन कोरड्या फडक्याने पुसा, वाफ कमी धरते. हेल्मेटमध्ये पाच व्होल्टचा छोटा पंखा हवाच. पट्ट्यांना बक्कल, वेल्क्रो घामाने सुटतो. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ सलग घालू नका आणि सोबत एक माणूस ठेवा, पाणी द्यायला आणि पायरी सांगायला. आमच्याकडचे दशावतारी रात्रभर मुकुट आणि साज घेऊन उभे राहतात, पण त्यांना आयुष्यभराचा सराव असतो.

घरी आल्यावर आतून ओल्या फडक्याने घाम पुसा, पंख्याखाली रात्रभर उघडं ठेवा. प्रवासात आणि पावसाळ्यात दोन रंगवलेले भाग कधीही एकमेकांना लागू देऊ नका. प्रत्येकावर किंचित टाल्कम पावडर, मग जुन्या सुती साडीचा तुकडा, आणि ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत पाणी धरतं. श्रावणात एकदा सगळं बाहेर काढून वारा द्या, पट्ट्यांच्या टाक्यांजवळ बुरशी बघा, आणि तपासायच्या पट्टीलाही पुन्हा एकदा वाकवून बघा, कारण चिलखताआधी तीच तडकते.